लेकरास भय घालावे काय?

आश्विन महिना सरत आला, भाताची कापणी चालू झाली, म्हणजे दिवस आखूड होऊ लागतो. पाताळगंगेच्या काठी आपट्यास ह्या दिवसांत सहा वाजून गेले की काळोख उतरतो, आणि दिवेलागणीपासून निजेपर्यंतचा वेळ लांबतो. घरोघरी मुले मातीदगडांचा किल्ला बांधण्यात आणि आकाशकंदिलाच्या काड्या जमविण्यात गढून गेलेली असतात. अलीकडे काही वर्षे ह्या गोष्टींत आणखी एकीची भर पडली आहे. मुंबई, पुणे, नवी मुंबई येथील कित्येक शाळांत व गृहसंकुलांत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हॅलोवीन म्हणून एक खेळ होतो. मुले भुताचे, चेटकिणीचे, सांगाड्याचे सोंग घेतात, नाकडोळे कोरलेल्या भोपळ्यात दिवा ठेवतात, आणि दारोदार जाऊन खाऊ मागतात. आपट्याहून पनवेल दूर नाही. जे पनवेलच्या दुकानात टांगले जाते ते वर्षा-दोन वर्षांत आपल्या ओसरीवर येतेच. तेव्हा चार-पाच वर्षांचे मूल बापाच्या सदऱ्याला लोंबकळून भुताचा मुखवटा मागू लागले, तर त्यात नवल नाही.

ह्यासंबंधी मंडळ्यांत दोन मते ऐकू येतात. कोणी म्हणतात, हे उघड सैतानाचे काम आहे, ख्रिस्ती घराने ह्यास शिवू नये. कोणी म्हणतात, हा पोरखेळ आहे, ह्यात पाप ते कसले? दोन्हीकडे भली माणसे आहेत, आणि दोघांचेही म्हणणे प्रामाणिक आहे. ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार करण्याचे आम्ही योजले. परंतु विचार करता करता आम्हांस असे दिसून आले की, मुखवट्याचा प्रश्न हा धाकटा आहे. त्याच्या पाठीमागे दुसरा एक थोरला प्रश्न उभा आहे, आणि तो वर्षातून एक दिवस नव्हे, तर रोज रात्री आपल्या घरात उपस्थित होतो. तो असा की, लेकराने ऐकावे म्हणून त्याला भय घालावे काय?

प्रथम धाकट्या प्रश्नाची हकीकत थोडक्यात सांगतो. हॅलोवीन ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'सर्व पवित्र जनांच्या दिवसाची पूर्वसंध्या' असा आहे. १ नोव्हेंबर हा पश्चिमेकडील मंडळीत सर्व संतांचे स्मरण करण्याचा दिवस, आणि २ नोव्हेंबर हा मृतांचे स्मरण करण्याचा दिवस. वसईकडील व गोव्यातील रोमन क्याथोलिक बांधव २ नोव्हेंबरला कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या कबरी स्वच्छ करतात आणि तेथे मेणबत्त्या लावतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आयर्लंड व स्कॉटलंड ह्या देशांत ह्याच सुमारास हिवाळा लागतो. तेथील जुन्या लोकांची अशी समजूत होती की, ह्या रात्री मेलेल्यांची व जिवंतांची हद्द पुसट होते. तेथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. पुढे एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेस गेले. तेथे सलगमाऐवजी भोपळा सापडला, आणि जुन्या भयाचा हळूहळू मुलांचा खेळ झाला. प्रॉटेस्टंट लोकांस तर ३१ ऑक्टोबर हा दिवस दुसऱ्याच कारणाने स्मरणीय आहे. सन १५१७ मध्ये ह्याच तारखेस मार्टिन ल्यूथर ह्यांनी आपले पंचाण्णव मुद्दे प्रसिद्धीस दिले, आणि धर्मसुधारणेचा आरंभ तेथून मानतात. त्या मुद्द्यांचा रोख कशावर होता हे लक्षात घेण्याजोगे आहे. मेल्यानंतरच्या यातनांचे भय दाखवून भोळ्या लोकांकडून पैसा काढला जात होता, त्याविरुद्ध ते लिहिलेले होते. अर्थात भयाचा व्यापार हाच त्या दिवशीही वादाचा विषय होता.

आपल्या देशात तरी ह्या ऋतूत निराळे काय चालते? नरकचतुर्दशीस पहाटे अंघोळ झाल्यावर आपले हिंदू शेजारी अंगणात कारीट पायाच्या अंगठ्याने चिरडतात. ते कडू फळ म्हणजे नरकासुर, असा त्यातला भाव असतो. गोव्यात त्याच पहाटे गवताकागदाचा मोठा नरकासुर करून जाळतात. सन २०२४ मध्ये नरकचतुर्दशी आणि ३१ ऑक्टोबर ही एकाच दिवशी आली होती. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांस बहुतेक वर्षी हे दोन्ही दिवस एका पंधरवड्याच्या आतबाहेर साजरे करावे लागतात. एका हाताने भोपळा कोरावा आणि दुसऱ्या हाताने करंज्या भराव्या, असे त्यांचे चालते. तात्पर्य, रात्र लांबू लागली म्हणजे दिवा लावावा, मेलेल्यांची आठवण करावी, आणि ज्याचे भय वाटते त्याचे सोंग करून त्याला हसावे, ही मनुष्यमात्राची जुनी खोड आहे. ती एका देशाची नाही.

आता थोरल्या प्रश्नाकडे वळू. दिवेलागण झाली आहे. आई चुलीपाशी गुंतलेली, बाप शेतावरून किंवा रसायनीच्या कारखान्यातून थकून आलेला. मूल पेजेचा घोट घेत नाही, ओसरीवरून अंगणात धावते, निजावयास सांगितले तर किल्ल्याकडे पळते. अशा वेळी कोणीतरी दाराकडे बोट करून दबक्या आवाजात म्हणते, "गप्प बस, बागुलबुवा आला!" आणि काय नवल! मूल क्षणात पदराखाली शिरते. कोठे बागुलबुवा, कोठे पिंपळावरचा मुंजा, कोठे नदीतला गिऱ्हा, कोठे हडळ आणि खवीस. आपल्या कोकणपट्टीत ह्या मंडळींची वाण नाही. ज्या घरावर क्रूस लावलेला आहे आणि ज्या घरातील माणसे रविवारी उपासनेस बसतात, त्या घरातही संध्याकाळी ही मंडळी बिनबोलावता येत नाहीत. त्यांस बोलावणारे आपणच असतो. मुखवट्यावर आपण वाद घालतो, आणि बागुलबुवास मात्र आपण घरचा चाकर करून ठेवले आहे, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाही काय?

येथे कोणी म्हणेल, सोंग तेही खोटे आणि बागुलबुवा तोही खोटा. मग एकास खेळ म्हणावे आणि दुसऱ्यास दोष द्यावा, हा न्याय कोठला? ह्याचे उत्तर आपट्याच्याच एका गोष्टीवरून देता येईल. आपल्या आपटा रेल्वे स्थानकावर पुष्कळ चित्रपटांचे चित्रण झालेले आहे. सन १९९५ मध्ये जो 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' हा चित्रपट देशभर गाजला, त्याचा शेवटचा प्रसंग येथलाच. आपटा हे त्यात पंजाबातले स्थानक झाले. मुलगी गाडीमागे धावली, बापाने तिचा हात सोडला, आणि पाहणारांचे डोळे पाणावले. तेथे कोणी कोणास फसविले काय? नाही. करणारास ठाऊक होते की हे सोंग आहे, आणि पाहणारासही ठाऊक होते. ज्याला रडावयाचे नव्हते तो उठून जाण्यास मोकळा होता. परंतु त्याच स्थानकावर एखाद्याने वाटसरूस खोटे सांगितले की पनवेलची शेवटची गाडी निघून गेली, तर त्यास कोणी सोंग म्हणणार नाही. त्यास लबाडी म्हणतील. दोन्ही ठिकाणी जे नाही ते आहे असे दाखविले. परंतु पहिल्यात दोघांचा करार होता, दुसऱ्यात एकास ठाऊक आणि दुसरा अंधारात.

हीच कसोटी मुलाच्या बाबतीत लावून पाहा. जे मूल मुखवटा घालते त्यास ठाऊक असते की आतला मीच आहे. मुखवट्याची दोरी त्याच्या हाती असते. भय वाटले की ते तो काढून टाकते आणि आईकडे पाहून हसते. आजीच्या मांडीवर बसून जे मूल भुताची गोष्ट मागते, तेही भयाचा खेळच खेळत असते; फार झाले म्हणजे ते आजीच्या तोंडावर हात ठेवते, आणि आजी थांबते. परंतु बागुलबुवाची दोरी मुलाच्या हाती नसते. ते ज्याच्यावर सर्वांत अधिक भरवसा ठेवते त्यानेच त्यास सांगितलेले असते की दाराबाहेर कोणी उभे आहे. पारखून पाहण्याचे त्याचे वय नाही, आणि जाण्यास दुसरी जागा नाही. म्हणून आम्ही म्हणतो, मुखवटा हे सोंग आहे, आणि बागुलबुवा हे असत्य आहे.

ह्यावर आणखी एक सूक्ष्म शंका निघते. मुलास खरे-खोटे कळते असे धरून चालावे काय? सन १९९१ मध्ये इंग्लंडातील पॉल हॅरिस नावाचे मानसशास्त्रज्ञ व त्यांचे सोबती ह्यांनी चार व सहा वर्षांच्या मुलांची परीक्षा पाहिली. मुलांस रिकामी पेटी दाखवून सांगितले की, हीत एक राक्षस आहे अशी कल्पना करा. मुलांस विचारले तर ती बिनचूक सांगत की हे खोटे-खोटे आहे. परंतु सांगणारा खोलीबाहेर जावयास निघाला म्हणजे काहींचा धीर सुटे. आणि एकटी राहिल्यावर काही मुले पेटी उघडून पाहत की न जाणो, आत काही असेल! ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, लहान मुलाच्या बुद्धीस जे कळते ते त्याच्या काळजास लगेच कळत नाही. म्हणून खेळातही माप हवे, आणि लहान मूल भ्याले की खेळ तेथेच संपला पाहिजे. दुसरी, जे मूल 'हे खोटे आहे' असे ठाऊक असतानाही कचरते, त्यास 'हे खरे आहे' असे वडील माणसाने सांगितल्यावर काय होत असेल, ह्याचा विचार करा.

आता बागुलबुवाच्या बाजूनेही जे बोलण्यासारखे आहे ते बोलले पाहिजे, नाही तर आम्ही एकांगी ठरू. मायबहिणी म्हणतील, "पंतोजी, तुम्ही लिहिता, पण घर नदीकाठी आहे. पोर पाण्याकडे गेले तर? गिऱ्ह्याचे नाव घेतले म्हणून तर ते काठावर थांबते." हे म्हणणे पोकळ नाही. पाताळगंगा ही इतर लहान नद्यांसारखी नव्हे. खोपोली येथे सन १९१५ पासून वीजगृह आहे, आणि तेथे यंत्रे फिरवून सुटलेले पाणी ह्याच नदीत येते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही तिच्या पात्रात पाणी वाहते राहते. पावसाळ्यात घाटावर पाऊस झाला म्हणजे आमच्याकडे ऊन असतानाही पाणी चढू शकते. शेजारच्या अंबा नदीने जुलै १९८९ मध्ये एका रात्रीत जांभूळपाड्यास केवढा अनर्थ केला, हे जुनी माणसे अजून सांगतात. तेव्हा मुलास नदीचे भय असावे, हे आम्हांसही मान्य आहे. सर्व भय वाईट असे आम्ही म्हणतच नाही. भय हा जिवाचा राखणदार आहे.

परंतु राखणदारास खरी ओळख द्यावी की खोटी? नदीचे भय खरे आहे, मग तिच्या जागी गिऱ्हा कशास उभा करावा? मुलाचा हात धरून त्यास काठावर न्यावे. कोठे पाय ठाव लागतो आणि कोठे डोह आहे ते दाखवावे. पाणी गढूळ झाले व काटक्या वाहून येऊ लागल्या म्हणजे मागे फिरावे, हे शिकवावे. आणि वय झाले की पोहणे शिकवावे. साने गुरुजींनी आपल्या आईविषयी जे पुस्तक लिहिले त्यात पोहावयास भिणाऱ्या श्यामची गोष्ट आहे. ती माउली त्यास लपू देत नाही, विहिरीवर पाठविते. कारण तिच्या मुलास कोणी भित्रा म्हणावे हे तिला सहन होत नाही. तिच्या रीतीचा कठोरपणा सर्वांस पटेल असे नाही. पण तिने पाण्यात भूत असल्याचे सांगितले नाही, पाणी पाणीच ठेवले. हेच इतर धोक्यांचे. कापणीच्या दिवसांत पेंढ्यात, बांधावर नाग, मण्यार, घोणस, फुरसे निघते. मुलास त्यांची नावे सांगा, चपला घालावयास लावा, बत्तीशिवाय काळोखात हात घालू देऊ नका. रेल्वेचा रूळ, विजेची तार, उकळते आधण, ही सर्व खरी भये आहेत, आणि त्यांची नावे पुरेशी आहेत. गिऱ्ह्याच्या धाकाने जे मूल थांबते, ते सात-आठ वर्षांचे झाल्यावर सोबत्यांकडून ऐकते की गिऱ्हा नाही. मग गिऱ्ह्याबरोबर नदीचेही भय जाते. खोट्या खांबावर टेकविलेले घर खांब निघाला की पडतेच.

ही गोष्ट आम्हीच प्रथम सांगत आहो असे नाही. इंग्रज तत्त्ववेत्ते व वैद्य जॉन लॉक ह्यांनी सन १६९३ मध्ये मुलांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी आईबापांस सावध केले आहे की, चाकरमाणसे मुलांस काळोखातल्या भुतांच्या नावाने भिववून गप्प बसवितात. तसे होऊ देऊ नका, कारण कोवळ्या मनावर एकदा उमटलेला तो ठसा सहजासहजी पुसत नाही, आणि मोठेपणी बुद्धीने हसणारा मनुष्यही काळोखात दचकतो.

ह्या ठशाचे पुढे काय होते ते आपण गावोगाव पाहतो. ज्याच्या मनात लहानपणी मुंजा बसविला, त्याच्या घरात ताप आला किंवा बाळंतीण बरळू लागली म्हणजे तो प्रथम दवाखान्याकडे पाहत नाही, भगताकडे पाहतो. विंचवाचेच उदाहरण घ्या. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पुष्कळ मुले दगावत. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी १९७६ पासून अशा रोग्यांच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसून हे विष हृदयावर कसे चालते ते शोधले, आणि प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीने मृत्यूचे प्रमाण फारच खाली आणले. परंतु गोळी असून उपयोग काय, जर मूल मंत्र घालणाऱ्याच्या अंगणातच तासन्‌तास पडून राहिले? महाराष्ट्रात सन २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा खून झाला. त्या कायद्यासाठी ते कित्येक वर्षे खपले होते. भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसास बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, तसेच साप, विंचू, कुत्रा चावलेल्यास औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे त्या कायद्याने गुन्हे आहेत. कायदा भगतास आवरील. परंतु भगताकडे जाणाऱ्या पायांस कोण आवरणार? ती वाट मूल चार वर्षांचे असतानाच आपण पाडलेली असते.

ह्याहून दुःखकारक अशी आणखी एक गोष्ट आहे. बागुलबुवा दिसत नाही म्हणून मूल काही दिवसांनी धीट होते. मग आपण दिसणारा बागुलबुवा शोधतो. "झोळीवाला नेईल." "पोलीस धरील." "डॉक्टर सुई टोचील." "तो काळा कातकरी बघ, तुला पोत्यात घालील." बोलणाराच्या मनात ह्या वेळी वाईट काही नसते, हे आम्ही जाणतो. पण ऐकणाराच्या मनात काय जाते? ज्या आशाताई डोस पाजावयास दारी येतात, त्यांस पाहून मूल माळ्यावर लपते. ज्या शिपायाकडे हरवलेल्या मुलाने धावत जावे, त्याच्यापासून ते दूर पळते. आणि जो कातकरी बांधव आपल्याच मंडळीत चटईवर शेजारी बसतो, त्याचे नाव आपण भुताच्या यादीत घालतो! ज्यांच्या आजापणजांनी स्वतः गावकुसाबाहेर राहून अशाच नजरा सोसल्या, त्यांच्या तोंडी हे शब्द शोभतात काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा ह्या गावी पाच माणसे जमावाने ठेचून मारली. ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून पसरली होती. अफवा फोनने पसरविली, हात जमावाचे होते, आणि दोष त्यांचाच; तो दोष आम्ही अंगाईगीत गाणाऱ्या आयांवर लादीत नाही. तथापि एक गोष्ट मनातून जात नाही. झोळी घेऊन येणारा परका मनुष्य मूल पळवितो, ही अफवा त्या दिवशी कोणास समजावून सांगावी लागली नाही. ती सर्वांस आधीच ठाऊक होती. भिक्षेकऱ्याच्या झोळीत मूल असते, हे आपण सर्वांनी पाळण्यात ऐकलेले आहे.

आता शेवटची आणि आम्हांस सर्वांत जड वाटणारी गोष्ट. पुष्कळ ख्रिस्ती घरांत बागुलबुवास रजा देतात, आणि त्याच्या जागी देवास उभे करतात. "खोटे बोललास तर देव जीभ कापील." "येशूबाबा बघतो आहे हं!" बोलणारास वाटते की आपण धर्म शिकवितो. परंतु मुलाच्या मनाची मांडणी पाहा. काल दारामागे बागुलबुवा होता, आज देव आहे. दोघेही दिसत नाहीत, दोघेही काळोखात असतात, दोघेही आईचे काम अडले म्हणजेच येतात. पुढे एक दिवस मूल जाणते होते आणि बागुलबुवा खोटा होता असे त्यास कळते. त्या दिवशी ते देवाविषयी काय ठरवील? प्लेटो नावाच्या ग्रीक तत्त्ववेत्त्याने ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात हेच लिहून ठेवले आहे की, देव नाना रूपे घेऊन रात्री हिंडतात असे सांगून ज्या आया मुलांस भिववितात, त्या एकाच वेळी देवांची निंदा करतात आणि मुलांस भित्री करतात. ज्यास सत्य देवाची ओळख नव्हती त्यास एवढे दिसले, तर आम्हांस न दिसावे काय? प्रेषित योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चवथ्या अध्यायात प्रीती आणि भीती ह्यांस एका घरात नांदू देत नाही. आणि पौल इफिसकरांस व कलस्सैकरांस लिहिताना मुलांस आज्ञा पाळावयास सांगतो, परंतु त्याच दमात बापांसही बजावतो की त्यांस चिडवू नका, त्यांचे मन खचवू नका.

मग कोणी विचारील, देवाचे भय बाळगावे असे शास्त्रच शिकविते ना? होय, शिकविते. पण त्या भयाचा अर्थ थरकाप नव्हे. चांगला मुलगा बापास भितो तो बाप मारील म्हणून नव्हे, तर बापाचे मन दुखवेल म्हणून. हे भय प्रीतीच्या पोटी जन्मते, आणि ते भयास घालवून देते. दुसरे भय एकांतात खोटे बोलावयास शिकविते; हे भय एकांतात खरे बोलावयास लावते.

शुभवर्तमानात एक गोष्ट आहे. रात्रीची वेळ, सरोवरात वादळ, आणि शिष्य तारवात. प्रभूला पाण्यावरून चालत येताना पाहून त्यांस वाटले की हे भूत आहे, आणि ती मोठी माणसे भयाने ओरडली. प्रभूने त्या वेळी त्यांस भुताविषयी व्याख्यान दिले नाही, त्यांच्या अज्ञानाबद्दल हिणविले नाही, किंवा ह्या भयाचा लाभ घेऊन त्यांजकडून काही कबूलही करून घेतले नाही. त्याने प्रथम आपला ओळखीचा आवाज त्यांस ऐकविला, की मीच आहे. काळोखात भ्यालेल्या लेकरास नेमके हेच पाहिजे असते. त्याला युक्तिवाद नको, धमकी तर नकोच. त्याला ओळखीचा आवाज हवा. ज्या आवाजाने त्यास कधी फसविले नाही, तोच आवाज त्या वेळी उपयोगी पडतो.

आता ज्या प्रश्नापासून आरंभ केला त्यास आमचे उत्तर देतो. मुखवट्याविषयी आम्ही कोणास बंधन घालीत नाही. ज्याचे मन त्यास नाही म्हणते, त्याने मुलास मुखवटा घेऊन देऊ नये, आणि 'आपल्या घरी हे करीत नाही' असे प्रेमाने सांगावे; मात्र शाळेतल्या सोबत्यांस सैतानाची मुले म्हणावयास त्याला शिकवू नये. ज्याचे मन मोकळे आहे त्याने मुलास खेळू द्यावे. पण धाकटे भावंड भ्याले की मुखवटा खाली, हा नियम करावा, आणि मेलेल्या माणसाची, लुळ्यापांगळ्याची किंवा कोणा गरिबाची चेष्टा त्या सोंगात येऊ देऊ नये. मांस खाण्याच्या वादात पौलाने करिंथकरांस जो मार्ग दाखविला तोच येथे पुरेसा आहे: आपली मोकळीक दुबळ्यास ठेच होऊ नये. ३१ ऑक्टोबरला घरी दिवा लावून मुलांस ल्यूथरची गोष्ट सांगता येईल, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळीतील जी माणसे प्रभूत निजली त्यांची नावे घेऊन त्यांच्या कबरीवरचे गवत मुलांच्या हातून काढविता येईल. जे मूल आज्याच्या कबरीवर फूल ठेवते, त्यास कबरस्तानाचे भय सहसा राहत नाही.

बागुलबुवाविषयी मात्र आमचे मत स्पष्ट आहे. त्यास घरातून रजा द्यावी. उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक ह्यांनी मायबहिणींस हे सांगावे, पण दोष देण्याच्या सुरात सांगू नये. सकाळपासून राबलेल्या बाईस संध्याकाळी दुसरे काही सुचत नाही म्हणून तिने ते नाव घेतलेले असते. तिच्या हातातले हत्यार काढून घ्यावयाचे असेल तर संध्याकाळचा अर्धा तास मूल बापाने घ्यावे. ही सूचना पुरुष वाचकांस गैरसोयीची वाटेल, परंतु बागुलबुवाचे खरे औषध बहुधा हेच आहे. घरात आजी असेल तर तिच्या गोष्टी बंद करू नयेत. तिला एवढेच विनवावे की गोष्ट ही गोष्ट म्हणून सांगा, जेवणासाठी धाक म्हणून सांगू नका. आणि मुलास आधीच सांगून ठेवावे की, जेवला नाहीस तर भूक लागेल, निजला नाहीस तर सकाळी डोळे उघडणार नाहीत. ही शिक्षा खरी आहे, आणि ती देण्यास कोणास बाहेरून बोलवावे लागत नाही.

आणि एखाद्या रात्री मुलाने विचारलेच की पेंढ्याच्या उडवीमागे कोण आहे, तर 'कोणी नाही, नीज' एवढे म्हणून कूस बदलू नये. उठावे, बत्ती घ्यावी, त्याचे बोट धरावे, आणि त्यास उडवीच्या मागे नेऊन दाखवावे.